आबांचा सांगावा

मेलेल्या माणसाविषयी खरं बोलावं की नाही?

प्रश्न साधा दिसतो. पंचशील घेणाऱ्याला तर फारच साधा. चौथं शील खोटं बोलू नको म्हणतं, त्यात 'मयत सोडून' अशी सूट कुठं दिलेली नाही. तरी मी सरणासमोर उभा राहून खोटं बोललो. माझ्या आज्ज्याविषयी. ज्याच्या मांडीवर मी वाढलो, ज्याच्या बोटाला धरून शाळेत गेलो, त्या माणसाविषयी. आणि ते ऐकून दीडदोनशे माणसांनी 'अमर रहे' म्हटलं. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

दोस्तहो, त्याचा हिशोब मांडायला बसलोय. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. दहावीपुढं शाळा पाहिली नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांत कापसाची धूळ घेऊन वाचलं. तेव्हा कुठं पाय घसरला तर दाखवून द्या, राग नाही.

2023 चा फेब्रुवारी. इचलकरंजीला मी रात्रपाळीला होतो. आमच्या इथं मोबाईल गेटवर जमा करून घेतात. वस्तीच्या ग्रुपवर आबांचा फोटो, फोटोभोवती फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली तीसचाळीस जोडलेले हात असं सगळं उरकून दोन तास झाले तरी मला पत्ता नाही. बातमी आणली गेटवरच्या वॉचमननं. फ्रेम चालू असल्यावर कानाला तोंड लावून ओरडल्याबिगर काही ऐकू येत नाही. त्याला ओरडवेना. तो लांबच उभा राहिला, काठी टेकत चालणारा म्हातारा करून दाखवला, मग बोट वर केलं. मला कळलं. हातातला तुटलेला धागा मी जोडला, दुसरा जोडला, मग बाजूच्याला खूण करून बाहेर पडलो. रडू आलं नाही. मनात पहिलं काय आलं सांगू? आबांनी ह्या वॉचमनला नापास केलं असतं.

कारण मरणाची बातमी कशी सांगायची, ह्यातला माझा आजा जाणकार होता.

आमचं गाव तासगावकडचं. 1960 पासून सांगली जिल्हा, त्याआधी दक्षिण सातारा. गावात कुणी मेलं की परगावच्या पाव्हण्यांना सांगावा धाडायचा तो म्हारानं. सरणाला लाकडं म्हारानं न्यायची. मढ्यावरचं कापड म्हारानं घ्यायचं. ह्याला वतन म्हणायचे! 1874 च्या कायद्यानं ते कागदावर बांधून टाकलेलं होतं. त्या कायद्याला सुधारणा सुचवणारं बिल बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात मांडलं, आणि असली वतनं मोडणारा कायदा यायला 1958 साल उजाडलं. मधली तीस वर्षं आमच्या माणसांनी पायानं मोजली. ज्या वर्षी घरात येसकरपाळी असेल, त्या वर्षी घरातल्या धडधाकट पुरुषानं रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं, घोंगडी घ्यायची, काठी घ्यायची, निघायचं.

आबा मला त्या कामाचे नेम सांगायचे. लहानपणी मला ती गोष्टच वाटायची.

"घराच्या भाईर उभा ऱ्हायाचं. हाक द्याची. माणूस दारात आला की आधी नाव सांगायचं. मग 'ग्येली' म्हणायचं. मग माती कवा त्ये सांगायचं. आडवळणानं बोलायचं न्हाई. आजारी हाय, लई हाय, चला लवकर, असलं न्हाई. तू फिरवून बोललास की ऐकणाऱ्याचा जीव टांगतूस. आन् एक. सांगावा तुजा नस्तू. तुला पटू दे न्हाई तर न पटू दे, जसा दिला तसा पोचवायचा."

आता मूळ गोष्ट.

आमच्या वस्तीत 'दादरचे पाच' म्हणून एक शब्द आहे. 6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत बाबासाहेब गेले. त्या दिवशी दिवस मावळताना तालुक्याला शिकणारा वस्तीतला एक पोरगा सायकलीवर बातमी घेऊन आला. त्या रात्री वस्तीतले पाचजण भिलवडी स्टेशनपर्यंत चालत गेले आणि मिळेल त्या गाडीनं मुंबईला निघाले. तेव्हा ही लाईन मीटर गेजची, पुण्याला गाडी बदलावी लागायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, 7 डिसेंबरला, दादर चौपाटीवर ते त्या माणसांच्या समुद्रात उभे होते. बाबासाहेब 16 डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा सोहळा करणार होते. ते राहून गेलं. तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी तिथंच सांगितलं की त्यांची इच्छा इथंच पुरी करू, आणि भदंत आनंद कौसल्यायनांनी त्या देहाच्या साक्षीनं लोकांना दीक्षा दिली. लाखभर लोकांनी घेतली असं लिहिलेलं आहे. जगात कुणाच्या मातीला असं झालं असेल? निरोप द्यायला आलेली माणसं दुसरीच माणसं होऊन घरी गेली.

त्या पाचांतला एक माझा आजा. जयंतीला त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवायचे. लग्नात वर-वधूला आशीर्वाद द्यायला आधी त्यांना उठवायचे. मला गिरणीत युनियनच्या बैठकीत कुणी विचारलं, तू कोण रे, तर मी नावाआधी हे सांगायचो.

2022 च्या दिवाळीत मी सुट्टीवर होतो. आबा अंथरुणाला खिळलेले. रात्री त्यांच्या टाचांना खोबरेल लावत बसलो होतो. त्या टाचा म्हणजे चैत्रातलं रान. भेगांत बोट जायचं. मी आपला सहज म्हणालो, आबा, ह्या पायांनी दादर बघितलंय.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या पायांस्नी दादर ठावं न्हाई."

मला वाटलं भ्रमात बोलतायत. ते भ्रमात नव्हते. चुलीतला विस्तव सारखा करावा तसं त्यांनी सावकाश एकेक पुढं ओढलं. त्या सांजेला बातमी आली तशी पाचांनी निघायचं ठरवलं, हे खरं. आबा अठराचे. भाकरी बांधून झाली, गाडीभाड्याला आज्जीनं, म्हणजे त्यांच्या आईनं, कुणाकडून तरी पैसे उसने आणले. आणि वाड्यावरनं हाक आली. पाटलाची म्हातारी त्याच सांजेला गेली. त्या वर्षी येसकरपाळी आमच्या घरात होती. माझा पणजा तापानं फणफणलेला. तीन गावांचा सांगावा.

"एका सांजंला दोन मरणं," आबा म्हणाले. "एक माज्या बापाचं आन् एक पाटलाच्या आईचं. म्या पाटलाच्या आईचं घेऊन ग्येलू."

चौघं भिलवडीच्या वाटेला लागले. आबा उलट्या वाटेला. तीन गावांत तीन दारांबाहेर उभं राहून त्यांनी तीनदा सांगितलं. आधी नाव, मग 'ग्येली', मग माती कवा. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीची माती झाली तेव्हा लाकडं वाहिली. म्हातारी वाईट नव्हती म्हणे. ताक वाढायची. वरनं. म्हातारी विधवा, म्हणून अंगावरचं कापड पांढरं. ते नेमाप्रमाणं आमच्या घरात आलं.

पुढचं ऐका. 1957 साली आमच्या वस्तीत दीक्षेचा कार्यक्रम झाला. दीक्षेला पांढरे कपडे लागतात. आमच्या घरात पांढरं कापड एकच होतं. आज्जीनं त्याची बंडी शिवली. ती अंगात घालून माझ्या आज्ज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या.

मी सुतातला माणूस आहे. एक धागा धुतला, विणला, शिवला, फाडला तरी कापूस कापूसच राहतो हे मला माहीत आहे. कापडाला काय ठाऊक ते कुणाच्या अंगावर होतं? तरी त्या रात्री तेलाचे हात पुसायला मला फडकं उचलवलं नाही.

आणि खोटं? ते कसं झालं? कार्यक्रम संपल्यावर बाहेरगावच्या पुढाऱ्यानं विचारलं, इथले दादरला कोण कोण होते, उभे रहा. चौघं उठले. आबा त्यांच्याच ओळीत, काही सामान उचलायला आधीच उभे होते. पुढाऱ्यानं बोट फिरवून पाच मोजले. टाळ्या झाल्या.

"म्या बसलू न्हाई," आबा म्हणाले. "येवडंच क्येलं. बसलू न्हाई."

पासष्ट वर्षं ते बसले नाहीत. चौघांना ठाऊक होतं. चौघांपैकी कुणीही कधी तोंड उघडलं नाही. त्यांतला शेवटचा गेला त्यालाही आता चौदापंधरा वर्षं झाली. शेवटी आबा म्हणाले, "तू लिवतूस, म्हणून तुला सांगून ठिवतू." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आता सरणाजवळ या.

वस्तीच्या खाली ओढ्याला आमचं जुनं मसणवटं, आता त्यावर पत्र्याचं शेड आहे. आबांवर पांढरं कापड, वर निळा झेंडा. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं. किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं पोर कडेवर घेऊन ती दारोदार मोहरी मागत हिंडली, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातली, आणि तसं घर मिळालं नाही. ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली असेन. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ती दारोदार विचारत गेली, माझा आजा दारोदार सांगत गेला, दोघंही उंबऱ्याबाहेरच.

मग वस्तीतले गुरुजी बोलले. निवृत्त शिक्षक. चळवळीचा माणूस, त्यांच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकलो, हे आधी सांगून टाकतो. ते म्हणाले, दादरच्या पाचांतला शेवटचा तारा निखळला. पाटलाच्या घरची दोन नातवंडं माणुसकी म्हणून आली होती, ओढ्याच्या कट्ट्यावर उभी होती. गुरुजींनी त्यांच्याकडं बघून आवाज चढवला: ह्या माणसानं कधी कुणापुढं मान वाकवली नाही! मग माझं नाव घेतलं. नातू कवी आहे, दोन शब्द बोलेल.

मी उठलो. खिशात काही लिहिलेलं नव्हतं. समोर आबा. तोंड उघडं. नाकात कापूस. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, माझा आजा दादरला होता. आणि निर्भय होता. आणखी काय काय बोललो. यमकं जुळत गेली. कवीचं हे असं असतं, जीभ मनाच्या पुढं पळते.

आपल्यात घरातनं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आत्मा मानणाऱ्याला मयतालाही ते चालतं. गेला तरी कुठल्या ना कुठल्या रूपानं येईल. आपण आत्मा मानत नाही. आपल्याला 'येतो' नाही आणि 'या' नाही. आपल्या निरोपाला फक्त एकच टोक आहे, ते आपल्या हातात. मग त्या एका टोकाला मी खोट्याची गाठ मारली. आता ती कोण सोडणार?

लोक म्हणतील, एवढं काय त्यात. मलाही महिनाभर तसंच वाटावंसं वाटत होतं. मी स्वतःला सांगितलं: सांगाव्याला गेला तो गेला का? पाठवला गेला. गेला नसता तर वाड्यावरनं माणसं आली असती, बलुतं तुटलं असतं, आजारी बापाला ओढून नेलं असतं. तेव्हा दोष आबांचा नाही, व्यवस्थेचा. हे बरोबर आहे. पण दोस्तहो, हे अर्धंच बरोबर आहे, आणि आपल्याला अर्ध्यावर थांबायची सवय लागलीय. सांगाव्याला धाडलं व्यवस्थेनं. पण उभं राहायला कुणी धाडलं? तिथं पाटील नव्हता. ते खोटं माझ्या आज्ज्याचं स्वतःचं होतं. तेही त्याच्याकडून काढून घेऊन व्यवस्थेच्या नावावर चढवलं, तर मग त्याचं स्वतःचं असं राहिलं काय? चूक करायचीही ज्याला मुभा नाही तो माणूस कसला, तो बिचारा. माझा आजा बिचारा नव्हता.

बरं, तो का बसला नाही? लाज वाटली म्हणून. कुणाची लाज? ह्या ठिकाणी मला आपल्या सगळ्यांना थोडं टोचायचं आहे. बाहेरगावच्या पुढाऱ्यानं 'उभे रहा' म्हटलं तेव्हा जे खाली बसलेले राहिले, त्यांचं काय झालं असेल? बापाची माती चुकलेली पोरं ती. भाड्याला पैसे नव्हते म्हणून राहिलेली. बाळंतिणीला सोडता आलं नाही म्हणून राहिलेली. बायका तर सगळ्याच राहिलेल्या. त्यांना टाळी नाही. गावानं आपल्याला उतरंडीत बसवलं, आपण ती लाथेनं फोडली म्हणतो, आणि मग आपल्याच वस्तीत नवी रचतो: दादरला होता तो वरचं मडकं. नामांतराला होता तो त्याच्या खालचं. आमच्यातल्या पोरांच्या बैठकीत मी स्वतः विचारलंय नव्या मुलाला: तुझा आजा कुठं होता? माझा दादरला होता म्हणून. त्या मुलानं मान खाली घातली होती. त्याचा आजा कुठं असेल? कुणाचा तरी सांगावा घेऊन गेला असेल.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी मी गुरुजींकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे तू कुणालाही बोलणार नाहीस."

मी म्हणालो, सातव्या दिवशी जलदान विधीला सांगणार आहे.

गुरुजी चिडले नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "मेलेल्याला उत्तर देता येत नाही. जिवंतपणी त्याच्या तोंडावर बोलला असतास तर मी तुला शाबास म्हटलं असतं. आता तू एकट्याच्या साक्षीवर त्याला आरोपी करणार. आणि कट्ट्यावर कोण उभं होतं ते बघितलंस? त्यांच्या हातात देणार हे? उद्या ते म्हणतील, तुमचे वाघ आमच्या आज्जीची लाकडं वाहत होते. समाजाला आदर्श लागतात रे बाळा. आधीच थोडे आहेत. तू ते फोडायला निघालास."

मला उत्तर आलं नाही. घरी आलो तरी आलं नाही. गुरुजींचं बोलणं हलकं नाही. मेलेल्याला उत्तर देता येत नाही, ह्या एका वाक्याला माझ्याकडं अजूनही नीट उत्तर नाही. मी एवढंच म्हणू शकतो की मेलेल्याला स्तुतीलाही नकार देता येत नाही. सरणावर पडलेल्या माणसाला बोलता आलं असतं तर कदाचित तो म्हणाला असता, गुरुजी, बसू द्या मला आता.

आदर्शाविषयी मात्र मी भांडेन. बाबासाहेबांनी 1943 साली पुण्यात रानड्यांवर भाषण केलं. न्यायमूर्तींची थोरवी सांगायचा प्रसंग, आणि त्या व्यासपीठावरनं त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. 1949 च्या नोव्हेंबरात घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात पुन्हा तेच: राजकारणातली भक्ती माणसाला खाली नेते. ह्या गोष्टी आपण भाषणात वापरतो, दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांवर. आपल्या आज्ज्यांवर वापरत नाही.

आणि आनंद बघा. बुद्धाचा सर्वांत लाडका, पंचवीस वर्षं सावलीसारखा. बुद्ध जाणार म्हटल्यावर दाराला टेकून रडला. त्याला बोलावून बुद्धानं रडतोस काय म्हणून झिडकारलं नाही, सगळ्यांसमोर त्याची वाखाणणी केली. त्याच आनंदाला पुढं राजगृहाच्या पहिल्या संगीतीत थेरांनी एकेक चूक मोजून दाखवली. चीवर शिवताना त्यावर पाय दिलास. अजून राहा म्हणून तथागतांना विनवलं नाहीस. देहाचं दर्शन आधी बायकांना घेऊ दिलंस, त्यांच्या आसवांनी देह भिजला. आनंद म्हणाला, मला ह्यात चूक दिसत नाही, पण तुमच्यावरच्या श्रद्धेनं कबूल करतो. (बायकांच्या आसवांचं जे म्हणाला ते मला फार आवडतं. तो दोष असेल तर आमच्या आत्तीनं आबांचा देह न्हाऊ घातला तो आसवांनीच.) सांगायचा मुद्दा: विनयात हे सगळं लिहून ठेवलं. अडीच हजार वर्षं कुणी खोडलं नाही. त्यानं आनंद लहान झाला? उलट त्या सगळ्या अर्हतांत मला जवळचा कोण वाटतो तर तो आनंद.

तरी एक शंका मी स्वतःवरच घेतो. कवीला गोष्ट हवी असते. मढ्यावरच्या कापडाची बंडी, ती घालून दीक्षा. असं काही हाताला लागलं की माझ्यासारख्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आज्ज्याचं मरण विकून टाळ्या घेणं, आणि आज्ज्याच्या खोट्यावर टाळ्या घेणं, ह्यात फरक किती? त्या चौघांनी टाळी सोडली आणि गप्प राहिले. ती करुणा होती असं मला वाटतं. मग मी का गप्प राहू नये? ह्या प्रश्नापाशी मी दोन रात्री अडलो. सुटलो ते आबांच्याच एका शब्दानं. ते 'कुणाला सांगू नको' म्हणाले नाहीत. 'सांगून ठिवतू' म्हणाले. त्या चौघांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यांना आपसूक ठाऊक होतं. मला आबांनी सांगितलं. सांगणं म्हणजे काय हे ज्याच्या टाचांना ठाऊक, त्या माणसानं. आणि सांगावा ज्याच्या हाती दिला त्याचा नसतो.

सहाव्या दिवशी आत्तीला सांगितलं. आबांची थोरली लेक, वय साठ. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय."

मी बघतच राहिलो.

"बंडी कुणी शिवली? आज्जीनं. सुईत दोरा कुणी ववला? माज्या आईनं, नवीन नवरी हुती ती. मग बायकांस्नी ठावं नसंल व्हय? तुमी बाप्ये खुर्च्या मांडत हुता, म्हून इचारलं न्हाई आमाला कुणी."

"मग बोलला का नाही आत्ती?"

"कुणापशी? आन् कशाला? त्यो रात्री दचकून उठायचा, 'आलू' म्हनायचा. वाड्यावरनं हाक आल्यागत. पार माज्या लग्नापत्तूर. त्येला तेवडी खुर्ची तरी मिळंना, म्हनलं." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तू बोलू नगंस. मला बरं वाटायचं न्हाई. आन् बोललास तर नीट बोल. सरणापशी बोललास तसं गाणं करू नगंस."

सातव्या दिवशी मी बोललो. बौद्धाचार्यांचं झाल्यावर उभा राहिलो. आधी नाव सांगितलं. मग म्हणालो, आबा 7 डिसेंबर 1956 ला दादरला नव्हते. मग कुठं होते ते सांगितलं, तीन गावांची नावं सांगितली, कापडाचं सांगितलं, उभं राहण्याचं सांगितलं, रात्रीच्या 'आलू'चं सांगितलं. मग म्हणालो, सरणापाशी मी खोटं बोललो. एवढं पाचसहा मिनिटांत झालं. टाळ्या नव्हत्या. कुणीतरी खोकलं. गुरुजी उठले आणि चप्पल शोधून निघून गेले. जेवायला थांबले नाहीत. आत्तीनं मला वाढलं, बोलली नाही.

मागच्या ओळीतला एक म्हातारा पंगत उठल्यावर माझ्याजवळ आला, माझ्या हाताला धरलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, आणि "मीठ जरा जास्त झालं हुतं आमटीला," म्हणून गेला.

पाटलाच्या नातवंडांपर्यंत गेलं असणार. गावात काय राहतं? अजून कुणी टोमणा मारलेला नाही. मारला तर उत्तर तयार आहे: होय, तुमच्या आज्जीचा सांगावा माझ्या आज्ज्यानं त्याच्या बापाची माती सोडून पोचवला. त्याचं देणं कुणाकडं आहे, ते बसून ठरवू.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीला मी त्या वाटेनं चालत गेलो. तीन गावं, परत घर. सकाळी लवकर निघालो ते ऊन उतरणीला लागलं तरी चालतच होतो. बूट होते पायात. आता सगळा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. तिसऱ्या गावात ते घर कुठलं ते मला सापडलं नाही. एका दारात एक बाई धान्य पाखडत होती, तिनं विचारलं, कुणाकडं आलाय? मी म्हणालो, कुणाकडं नाही, वाट बघायला आलोय. तिनं पाण्याचा तांब्या आणून हातात दिला. मी तिथंच, उंबऱ्याबाहेर उभा राहून प्यालो, आणि पिऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिनं आत ये म्हटलं होतं.

गुरुजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले तर मी 'जय भीम' घालतो, ते हात वर करतात, तेवढंच. हा अंक हातात आला की त्यांना एक प्रत नेऊन देणार आहे. दारातनं हाक मारून नाही. आत जाऊन बसणार आहे, ते वाचून होईपर्यंत.